ढोलीतला भुसा, निलगिरी आणि डोळ्याला लागलेली काडी

ताई, दिंडोरीकडे जुनी जागा घेतलीत, बांधावर निलगिरीची रांग आहे, विहिरीशेजारी ढोली पडलेलं जांभळाचं झाड आहे आणि त्याच्या खोडाला कानासारखी आळंबी चिकटली आहे. घरात वडिलांना मधुमेह. तेव्हा झाडांवरच्या बुरशीच्या भीतीने ती काढून टाकावीत का, असं विचारलंत. माझं मत, काढू नका. जपायचं ते झाडाला हात लावण्याच्या दिवशी.

ती आळंबी लाकडावर जगते. खाल्ली नाही तर तुम्हाला तिचा त्रास नाही. पण ती दिसते म्हणजे खोड आतून कुजलंय, म्हणून वळवाच्या वाऱ्यात फांदी छपरावर येईल का, ते आधी बघा. मला विचाराल तर बुरशीपेक्षा हाच धोका मोठा.

छातीत जाणारी बुरशी डोळ्यांना दिसतच नाही. क्रिप्टोकॉकस तिचं नाव. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात तिची एक जात निलगिरीवर सापडली आणि तेव्हापासून निलगिरी बदनाम झाली. पुढे १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर धडधाकट माणसांनाही तिची लागण होऊ लागली, आणि तिथे ती सापडली स्थानिक झाडांवर आणि मातीत. आपल्याकडे दिल्ली-जबलपूरच्या संशोधकांना ती जांभूळ, चिंच, आंबा यांच्या ढोलीतल्या कुजक्या लाकडात मिळाली. म्हणजे निलगिरी तोडून फार काही साधत नाही. तिची भावंडजात कबुतरांच्या विष्ठेतही असते. जागेवर जुनं गोदाम असेल तर ते कोरडं झाडू नका, आधी पाणी मारा.

झाडाखाली बसून, जांभळं खाऊन काही होत नाही. श्वासातून शिरलेले बीजाणू बहुतेकांचं शरीर परतवून लावतं, आणि हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. अडचण होते ढोली खरवडताना किंवा कुजकं खोड करवतीने कापताना, कारण तेव्हा भुसा तोंडावर उडतो. त्या दिवशी लाकूड भिजवून घ्या आणि एन-९५ मास्क नीट घट्ट बसवा. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. आणि वडिलांना तिथे उभं करू नका, मधुमेहात प्रतिकारशक्ती कमी पडते. अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्ही असलेले किंवा बराच काळ स्टेरॉइड घेणारे यांनीही लांब राहावं. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या नावाखाली गोळ्या चालू असलेल्या पुष्कळांना त्यात स्टेरॉइड आहे हे ठाऊकच नसतं, चिठ्ठी एकदा बघून घ्या.

लक्षणं दिसायला कित्येक महिने जातात, म्हणून कोणाला झाड आठवत नाही. आठवडेच्या आठवडे न हटणारा खोकला, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, मान आखडणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘कुजकं झाड कापलं होतं’ हे आपणहून सांगा. खोकला आणि ताप म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीचा विचार होतो, आणि तो चूक नाही. पण रक्तात आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात क्रिप्टोकॉकसचा अँटिजेन, म्हणजे त्या बुरशीचा अंश, तपासता येतो. उपचार आहेत. अँफोटेरिसिनसारखी इंजेक्शनं आणि मग महिनोन्‌महिने गोळ्या. उशीर झाला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जीवावर बेततं.

जाता जाता, न विचारलेलं एक सांगतो, कारण द्राक्षपट्ट्यात ते जास्त घडतं. छाटणीत काडी डोळ्याला लागते, उसाचं पान घासतं, आणि माणूस मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असलं आणि जखमेत बुरशी शिरली असली, तर बुबुळावर पांढरा डाग पसरत जातो आणि नजर जाऊ शकते. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. ते बुबुळ हलकेच खरवडून तपासतात आणि बुरशी असली तर तिचे वेगळे थेंब देतात.

जांभळाचं झाड खरंच धोक्याचं निघालं तरी थेट कुऱ्हाड चालवू नका. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात जांभूळ अनुसूचित आहे, परवानगी लागते. फक्त वठलेली फांदी उतरवायची असेल तर त्याबद्दलही परवानगी देणाऱ्या कार्यालयातच विचारा, आणि काम लाकूड ओलं असताना काढा.