कापूस कळतो, पण जिनिंग?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न: रस्त्यात गेलेल्या जमिनीचे 18 लाख बँकेत पडून आहेत. धरणगावकडे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) असलेले मेहुणे भागीदार व्हा म्हणतात. त्या पैशांत नवी यंत्रं येतील. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफे यांची भागधारकांना लिहिलेली पत्रं वाचली, कळतो त्याच धंद्यात पैसा घालावा हे पटलं. कापूस मला कळतो. घालू का?

भाऊ, तुम्ही पत्रं मुळातून वाचताय याचा मला मनापासून आनंद झाला. आता 1985 सालचं पत्र काढा, तुमचाच प्रश्न त्यात आहे.

बफेंची कंपनी बर्कशायर मुळात कापड गिरणी. बफेंनी 1965 मध्ये ताबा घेतला आणि 1985 मध्ये कापडाचा धंदा बंद केला. माणसं चांगली होती, मेहनतही होती. नवं यंत्र घेतलं की खर्च वाचेल, हा हिशेब प्रत्येक गिरणीचा कागदावर बरोबर यायचा. पण सगळ्यांनीच यंत्रं घेतली की भाव उतरायचे आणि वाचलेला पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात जायचा. 1981 मध्ये प्रत्येकी 5,000 डॉलरला घेतलेल्या मागांना पुढे 50 डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी 26 डॉलरनं भंगारात गेले. हलवायचा खर्चच त्याहून जास्त होता.

आता जिनिंग बघा. कवडी (किडका, खराब कापूस) कोणती, ओल किती, हे तुम्ही मुठीत कापूस घेऊन सांगाल. जिनिंगवाल्याचा नफा मात्र उताऱ्यावर (क्विंटलभर कापसातून किती रुई निघते), रुई-सरकीच्या त्या दिवसाच्या भावावर आणि हंगामात यंत्रं किती दिवस चालली यावर ठरतो. भाव नाही म्हणून तुम्ही कापूस घरात भरून ठेवता, तेव्हा त्यांची यंत्रं उभी असतात आणि कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंदा चालवायला बँकेकडून उचललेल्या कर्जाचं, व्याज चालू असतं. शेजारच्या जिनिंगनं क्विंटलला थोडे जास्त दिले की गाड्या तिकडे वळतात. नवं यंत्र यातलं काय बदलणार?

शिवाय साध्या भागीदारीत तुमची जबाबदारी 18 लाखांवर थांबत नाही. फर्मचं कर्ज थकलं तर घरादारापर्यंत येतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

म्हणून भागीदार होऊ नका. नात्यात नाही म्हणणं जड जातं, मी जाणतो. मदत करायचीच तर 2-3 लाख उसने द्या, चेकनं, लेखी करून. बँकेच्या जामिनावर सही मात्र नको. पीककर्ज असेल तर मुदतीत भरा, वर्षभराचा घरखर्च एफडीत ठेवा. दहा वर्षं लागणार नाही तेवढीच रक्कम हप्त्याहप्त्यानं कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) घाला. पत्नीसाठी ठेवायच्या पैशांबद्दल बफेंनी 2013 च्या पत्रात हेच लिहिलंय: 90 टक्के इंडेक्स फंड, 10 टक्के अल्पमुदतीचे सरकारी रोखे. तुमचं वय आणि मुलांची शिक्षणं कळवलीत तर प्रमाण सांगता येईल.

तरीही मन जिनिंगकडेच ओढत असेल, तर मेहुण्यांकडे पाच वर्षांचे ताळेबंद आणि दर हंगामात किती गाठी बांधल्या त्याचा हिशेब मागा. ते हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.