कागद, रंग आणि नागपूरचं ऊन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात जलरंगात आकाशाचा एकसारखा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) जमतच नाही. अर्ध्यावर पोचेपर्यंत वरची कड वाळून रेघ पडते. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आहे, रंगही चांगले आहेत. काय चुकून राहिलं?
— वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : पारा ४५ अंशांवर असताना ओल्या कागदाची चमक बघता बघता उडते, आणि चमक गेलेल्या जागेवर पुन्हा ब्रश लागला की रेघ पडणारच. व्हिडिओत सांगितलेली वेळ बहुतेक थंड किंवा दमट गावातली असते, ती इथे धरून चालू नका. वॉशचं काम सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान उरका. कागद पाठीमागूनही भिजवा. दोन्ही बाजूंनी रुंद ब्रशने पाणी द्या, पाच मिनिटं मुरू द्या आणि काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवून ठेवा. खालून हवा लागत नसल्यामुळे मागची ओल वरच्या बाजूला पुरत राहते आणि वेळ कितीतरी वाढतो. वरचं साचलेलं पाणी मात्र टिपून घ्या, तळं नको.

रंग लागेल त्याच्या दीडपट, वाटीत आधीच कालवून ठेवा. मधेच रंग संपला आणि पुन्हा कालवायला गेलात की तेवढ्यात कड बसते. ब्रश किमान एक इंची चपटा हवा. बोर्डाच्या वरच्या कडेखाली एक जाड पुस्तक ठेवलं की रंगाचा थेंब प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला जमतो, तोच पुढच्या पट्ट्यात ओढायचा. अर्धा कप पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले तर वाळणं थोडं लांबतं. चार-पाच थेंबांवर जाऊ नका, नाहीतर तेच चित्र जुलैत हाताला चिकट लागेल.

पंखा बंद ठेवा. कूलरने खोलीतली हवा दमट होते, ते आपल्या फायद्याचंच आहे, पण त्याचा झोत थेट कागदावर आला तर एक बाजू आधी वाळते. कूलर पाठीशी नको, शेजारच्या खोलीत चालू द्या. आणि कागद कितीही जाड असला तरी तो कापसाचा आहे की लाकडाच्या लगद्याचा, हे बघून घ्या. लगद्याच्या कागदात पाणी वरच्या थरातच राहतं आणि लवकर उडतं. जीएसएम म्हणजे फक्त वजन.

प्रश्न : मास्किंग टेप काढताना कागदाची सालं निघतात.
— वाचक, सक्करदरा

उत्तर : उष्णतेने टेपचा गोंद मऊ होऊन तंतूंत शिरतो. टेप तीन-तीन दिवस लावून ठेवली असेल तर जास्तच. लावण्याआधी ती एकदा सुती कपड्यावर चिकटवून काढा, म्हणजे चिकटपणा उतरतो. काढताना कागद पूर्ण कोरडा हवा. टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदालगत दुमडून, हळू ओढा. तरीही अडली तर हेअर ड्रायरची कोमट हवा काही सेकंद द्या आणि लगेच ओढा. मास्किंग फ्लुइडला (कागद झाकून ठेवणाऱ्या रबरी द्रवाला) मात्र ड्रायर लावू नका, आणि ते त्याच दिवशी काढा.

प्रश्न : इंटरनेटवरची चित्रं बघून काढते, त्यामुळे माझं काम कुणाचंही वाटतं. नागपुरात काढण्यासारखं काय आहे? गोंड चित्रशैलीत वह्यांची कव्हरं करून विकली तर चालेल का?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. आज जी गोंड चित्रशैली म्हणून ओळखली जाते, ती मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढच्या परधान गोंड कलाकारांनी, जनगढसिंह श्याम यांच्यापासून पुढे, कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून वस्तूवर ‘गोंड चित्र’ असं नाव लावून विकण्याच्या भानगडीत पडू नका. त्यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे : प्रत्येक कलाकाराचं आकार भरण्याचं चिन्ह स्वतःचं असतं, कुणाचे ठिपके, कुणाच्या तुटक रेघा. तुमचं चिन्ह तुमच्या भोवती शोधा. संत्र्याच्या सालीवरची तेलाची छिद्रं, पळसाच्या पानाच्या शिरा, तुरीच्या शेंगेवरच्या तिरक्या खाचा, उमललेलं कापसाचं बोंड. एकेक वस्तू समोर ठेवून दहा-दहा चौकोन भरा. पहिले चार चौकोन बिनकामाचे निघतील, पुढे हात स्वतःचा होतो.

काढायला जागा म्हणाल तर महालातली चितार ओळ. गणपतीआधीच्या आठवड्यांत तिथे मूर्ती सगळ्या टप्प्यांत एकाच वेळी दिसतात : गवत बांधलेली, मातीची, पांढरी, अर्धी रंगवलेली. पूर्ण मूर्ती काढत बसू नका. हात काढा, डोळे आखताना कारागीर कोपर कुठे टेकवतो ते काढा. आणि आधी विचारा, तो कामात असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीने नेले जाणारे मोठे पुतळे) निघते तेव्हा गर्दीत वही उघडणं कठीण. त्या दिवशी फक्त पाच-सहा सेंटिमीटरच्या चौकटीत अर्ध्या मिनिटाची रेखाटनं करा, तीनच छटांत : काळं, मधलं, कागद. तपशील शब्दांत लिहा. खरं शिकण्यासारखं बडग्यांत, म्हणजे सोबतच्या टिंगलीच्या पुतळ्यांत आहे. आजच्या बातमीवर केलेला पुतळा गल्लीच्या टोकावरून ओळखू यायला हवा, त्यामुळे नाक, पोट, चष्मा यांपैकी एकच गोष्ट अतिरेकी मोठी केलेली असते. मासिकातल्या चित्राचंही तेच काम. ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीतल्या ‘ईडा’चं चित्र कसं काढाल, हा सरावासाठी चांगला विषय आहे.

उन्हाळ्यात बाहेर बसवत नसेल तर अजब बंगला. १८६३ साली सुरू झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात पेंढा भरलेले पक्षी-प्राणी हलत नाहीत. रेखाटनाला तेवढं पुरे.

प्रश्न : हाताने शिवलेल्या वह्यांचे पुठ्ठे दोन दिवसांत होडीसारखे वाकतात. फेव्हिकॉलच वापरतो.
— वाचक, महाल

उत्तर : फेव्हिकॉलचा दोष थोडा, कागदाच्या तंतूंचा जास्त. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना आकसतो, आणि आकसताना पुठ्ठा ओढून घेतो. म्हणून पानं, पुठ्ठा, वरचं कापड किंवा कागद आणि आतला अस्तराचा कागद, या सगळ्यांचे तंतू वहीच्या पाठीला समांतर हवेत. ओळखायचं असं : कागद न दुमडता दोन्ही दिशांना वाकवून बघा. ज्या दिशेने कमी अडतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर. पुठ्ठ्याचंही हेच. दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा घ्या, दीड मिलिमीटरचा या हवेत टिकत नाही.

दुसरं कारण एकतर्फी ओढ. बाहेरून कापड लावून पुठ्ठा तसाच ठेवला तर तो बाहेर वाकतो. आतून अस्तर त्याच दिवशी लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ओढतात. मग मेणकागद घालून रात्रभर, शक्य झालं तर चोवीस तास, पाटाखाली ठेवून वर वजन देऊन दाबा. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवण्याचा मोह टाळा. वही त्यानेच जास्त वाकते.

नुसत्या फेव्हिकॉलने मे महिन्यात कापड सरळ करायलाही वेळ मिळत नाही. खळ करा : एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पाच-सात मिनिटं, अर्धपारदर्शक होईपर्यंत. गार करून गाळा आणि तितकाच फेव्हिकॉल मिसळा. उरलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, आंबट वास आला की फेका. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, किडे लागत नाहीत म्हणून. ते विषारी आहे, घरच्या स्वयंपाकघरात नको.

गांधीबागेतून आणलेलं सुती कापड थेट पुठ्ठ्यावर लावलं तर खळ आरपार येऊन डाग पडतात. आधी त्याच्या पाठीवर पातळ टिश्यू कागद खळीने चिकटवून काचेवर वाळवून घ्या. शिवणीसाठी सोळा पानांची एकेक जुज (एकात एक दुमडलेल्या पानांचा जुडगा) घ्या, दोरा मेण लावलेला. दोरा ओढताना वहीच्या पाठीला समांतर ओढा. वर ओढलात की भोक फाटतं.

प्रश्न : मुलांच्या तान्हा पोळ्यासाठी कागदाच्या लगद्याचा नंदी केला, पण आठवड्यात बुरशी आली आणि पाय मोडले.
— वाचक, नंदनवन

उत्तर : नंदी भरीव केला असणार. श्रावणात वरचं कवच वाळतं आणि पोटात ओल राहते, तिथेच बुरशी धरते. आतला सांगाडा दुहेरी पिळलेल्या तारेचा करा, चारही पायांची तार पोटातून सलग जाऊ द्या, वर वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या दोऱ्याने बांधा. लगदा फक्त पाऊण सेंटिमीटर जाड, दोन थरांत. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको.

लगद्याचं प्रमाण : अर्धा किलो रद्दी रात्रभर भिजवून जुन्या मिक्सरच्या भांड्यात वाटलेली आणि घट्ट पिळलेली, पन्नास ग्रॅम भिजवून वाटलेली मेथी, शंभर ग्रॅम खडूची भुकटी, आणि हाताला चिकटेल इतका फेव्हिकॉल. आपल्याकडे लगद्याच्या टोपल्यांत मेथी घालतात ती किडीसाठी. पावसाळ्यात खळ वगळा, पिठावरच बुरशी पोसते. भेगा पडल्या तर वाळणं घाईचं झालं असं समजा, सावलीत वारा लागेल असं ठेवा.

वाळला की नाही हे हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दोन दिवस ओळीने वजन तेच आलं की रंगवा, त्याआधी वार्निश लावलं तर ओल आत कोंडते. रंगाआधी खडू-भुकटी आणि फेव्हिकॉलचं पातळ अस्तर दोनदा, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. मुलं बोजारा (खाऊ-पैसे) मागायला तो घरोघरी ओढत नेणार, म्हणून चाकांची पाटी लाकडाचीच ठेवा.

प्रश्न : संत्र्याचा रंग छापून आल्यावर मळकट दिसतो.
— वाचक, काटोल रोड

उत्तर : पडद्यावरचा झळाळता नारिंगी छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. फाइल सीएमवायकेत, म्हणजे या चार शाईंच्या पद्धतीत बदलून सायन (निळसर शाई) शून्य करा, पिवळा १०० टक्के, मॅजेंटा (गुलाबीसर शाई) ५० ते ६०. मळ सायनमुळे येतो. कागदावर रंगवताना लिंबू पिवळा आणि क्रिमसन (निळसर झाकेचा लाल) मिसळाल तर हाच मळ येतो, त्यामुळे नारिंगीकडे झुकणाऱ्या उबदार पिवळ्यात तसाच उबदार लाल घाला. शेजारी करडा-निळा ठेवलात की तोच नारिंगी उजळतो. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या आंबिया बहाराच्या संत्र्यावर हिरवट झाक असते, ती काढली तर फळ खरं वाटतं.

प्रश्न : पुस्तकासाठी चित्रं काढून दिली. आता तीच चित्रं प्रकाशक कॅलेंडरवर छापतो आहे. अडवता येईल?
— वाचक, धंतोली

उत्तर : लिखित करार नसेल तर अवघड. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा ठरू शकतो. नोकरीतल्या माणसाचा नियम वेगळा, तोही तुमच्या बाजूचा नाही. या प्रकरणात वकिलाला ईमेल-व्हॉट्सॲपवरचं बोलणं दाखवा, त्यात ‘पुस्तकासाठी’ असा स्पष्ट उल्लेख असेल तर तो उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी एक पान पुरे. हक्क चित्रकाराकडेच आहेत, प्रकाशकाला फक्त अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीत, अमुक भाषेत छापण्याची परवानगी आहे, इतर वापराचे पैसे वेगळे, आणि मूळ चित्रं परत मिळतील. हक्क लिहून दिलेच तर मुदत आणि प्रदेश घाला. १९ व्या कलमात मुदत न लिहिल्यास पाच वर्षं आणि प्रदेश न लिहिल्यास भारत असं धरलं जातं. दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, आणि आगाऊ रकमेचा आकडा. सही झाल्यावरच पेन्सिल उचला.