ब्रेकचं 46 हजारांचं कोटेशन: एफडी मोडू की कापसापर्यंत थांबू?

प्रश्न: दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, सोबत बारा एकर कोरडवाहू शेती. 2017 ची मोठी डिझेल एसयूव्ही जुनी घेतली, आता 1 लाख 12 हजार किलोमीटर झाली. महिन्यातून दोनदा तरी आईच्या उपचारासाठी कारंज्याहून समृद्धीवर चढून नागपूरला जातो. एरवी दुकानाची धावपळ, कधी खताच्या आठ-दहा बॅगाही मागे टाकतो. ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. नागपूरच्या वर्कशॉपनं चारही डिस्क आणि पॅड बदलायला सांगितले: पुढच्या डिस्क 17,000, पुढचे पॅड 5,200, मागच्या डिस्क 14,000, मागचे पॅड 4,300, मजुरी आणि ऑइल 5,500, एकूण 46,000. इथला मिस्त्री म्हणतो, पुढच्या डिस्क खरादावर फिरवून घ्या, 1,600 मध्ये होते. दुकानाची उधारी जानेवारीत वसूल होईल, कापूसही तेव्हाच विकीन. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी दीड लाखाची एफडी आहे. ती मोडू, पीककर्जातून काढू, क्रेडिट कार्डावर घेऊ, की थांबू? मुलगी तर म्हणते गाडीच विका.

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

पत्रात 46 हजार आहेत, 1,600 आहेत, दीड लाख आहेत. डिस्कची, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि पॅड दाबले की गाडी थांबवणाऱ्या लोखंडी थाळीची, जाडी मात्र कुठेच नाही, आणि तुमचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे. वर्कशॉपवाल्यानं ती मोजली असेल तर तुम्हाला सांगितली नाही. मिस्त्र्यानं बहुधा मोजलीच नाही.

ब्रेकच्या डिस्कवर, कडेला किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर, किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशनं घासल्यावर दिसते. मोठ्या एसयूव्हीची पुढची डिस्क नवी असताना साधारण 28 ते 30 मिलिमीटर जाड असते आणि किमान आकडा त्याहून साधारण दोनच मिलिमीटर खाली असतो. दोन्ही बाजू मिळून तेवढी झिजली की डिस्क बाद, मग ती कितीही चकचकीत दिसो. मोजायची ती पॅड घासतो त्या पट्ट्यावर, गोल फिरून सहा-आठ ठिकाणी. साधा व्हर्नियर बाहेरच्या न झिजलेल्या काठावर अडकतो आणि जाडी जास्त दाखवतो, म्हणून मायक्रोमीटरनं मोजायला सांगा. चाक काढून मोजायला फार खर्च येत नाही. 46 हजारांचा निर्णय घेण्याआधी तेवढा करा.

एका-दोन मिलिमीटरला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. गाडीचा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरतो आणि ती उष्णता आधी डिस्कच्या लोखंडात शिरते. लोखंड कमी असलं की तीच उष्णता डिस्कला जास्त तापवते. तुमची गाडी माणसांसकट दोन टनांच्या वर जाणार. शिवाय वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते. दारव्ह्याच्या रस्त्यावर साठच्या वेगात रोही (नीलगाय) आडवा आला आणि समृद्धीवर 120 च्या मर्यादेत पुढचा ट्रक अचानक थांबला, या दोन वेळांना ब्रेकवर पडणारा भार एकसारखा नसतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. डिस्क फार तापली की पॅडची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या पाण्यामुळे ते लवकर उकळतं आणि पेडल खाली जातं. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. जुन्या घेतलेल्या गाडीत ते शेवटचं कधी बदललं याची नोंद बहुतेकांकडे नसते, तुमच्याकडे आहे का पाहा.

आता थरथर. तुम्ही लिहिलंय की ब्रेक दाबल्यावरच होते आणि स्टेअरिंगमध्ये जाणवते. हे पुढच्या डिस्ककडे बोट दाखवणारं लक्षण आहे. मागच्या डिस्कची गडबड असती तर ती बहुधा सीटमध्ये किंवा पेडलमध्ये कळली असती. ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असती तर मी आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघायला सांगितलं असतं. तेव्हा चारही डिस्कचा आग्रह कशाच्या जोरावर, हे वर्कशॉपनं मागच्या डिस्कच्या जाडीचा आकडा देऊन दाखवलं पाहिजे. डिस्क एका एक्सलवर जोडीनं बदलतात, डावी-उजवी सोबत. पुढच्या बदलल्या म्हणून मागच्याही बदला असा नियम नाही. पुढची चाकं ब्रेकचं जास्त काम करतात, म्हणून पुढच्या डिस्क आधी झिजतात.

‘डिस्क वाकली’ असं सगळेच म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी फिरतीवर कुठे कमी, कुठे जास्त झालेली असते, किंवा पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, तरी हाताला कळतो. हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज न काढता डिस्क बसवणं, किंवा पंक्चरच्या दुकानात एअर गननं चाकाचे नट वाटेल तसे आवळणं, ही त्याची नेहमीची कारणं. थरथर टायर बदलल्यानंतर सुरू झाली असेल तर हे मिस्त्र्याला आवर्जून सांगा. हब साफ न करता आणि टॉर्क रेंचनं (ठरलेल्या ताकदीनं आवळणाऱ्या पान्यानं) नट न आवळता 17 हजारांच्या नव्या डिस्क बसवल्या, तर काही महिन्यांत तुम्ही मला हेच पत्र परत लिहाल.

मिस्त्र्याचा सल्ला मी उडवून लावणार नाही. खराद हा खरा उपाय आहे, पण जाडी शिल्लक असेल तरच. समजा किमान 26 कोरलेलं आहे आणि डिस्क 27.4 भरली. प्रत्येक बाजूनं 0.3 काढले तर 26.8 उरतात, चालेल. तीच डिस्क 26.5 भरली तर खरादानंतर 25.9 होईल आणि 1,600 रुपये देऊन तुम्ही चालती डिस्क बाद करून घ्याल. शिवाय खरादावर डिस्क केंद्रात धरली नाही तर थरथर वाढते, आणि ट्रॅक्टरचे शाफ्ट फिरवणाऱ्या प्रत्येक खरादवाल्याला हे नाजूक काम जमतंच असं नाही. काम झाल्यावर जाडी परत मोजून घ्या.

थांबायचं का? डिस्क किमानच्या वर आहे, तडा नाही, पॅड तीन मिलिमीटरच्या वर आहेत, आणि त्रास फक्त थरथरीचा आहे, तर जानेवारीपर्यंत थांबता येईल. तोवर नागपूरची फेरी ऐंशीच्या आत करा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, आणि त्रास वाढला तर थांबणं संपलं असं समजा. डिस्क किमानच्या खाली गेली असेल, कडेपर्यंत पोचलेला तडा दिसत असेल, ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पेडल मऊ पडत असेल, तर कापसाची वाट बघू नका. दुरुस्ती होईपर्यंत आईला बसनं न्या किंवा दुसरी गाडी करा. पावसात किंवा धुतल्यानंतर डिस्कवर येणारा लालसर गंज यात धरू नका, तो चार ब्रेकमध्ये निघून जातो.

आता पैसे. फक्त पुढचं काम करायचं ठरलं तर डिस्क 17,000, पॅड 5,200 आणि मजुरी-ऑइल मिळून 3,000 धरा: 25,200. नव्या डिस्कवर जुने, खाचा पडलेले पॅड बसवून 5,200 वाचवायला जाऊ नका. जीएसटीही एकदा बघा: वाहनांच्या सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के दर आहे. कोटेशन जुनं असेल आणि त्यात 28 टक्के लावले असतील, तर नवं मागा.

एवढ्यासाठी दीड लाखाची एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की जेवढा काळ ठेवली त्या काळाचाच दर मिळतो, त्यातूनही साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापतात. आणि मोडलेली एफडी परत पूर्ण होत नाही, हे दुकान चालवणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. त्याऐवजी बँकेत त्याच एफडीवर कर्ज मागा. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं. 9 टक्के धरले तरी 25,200 चं तीन महिन्यांचं व्याज 567 रुपये होतं. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवली आणि दर महिन्याला साडेतीन टक्के पडला, तर त्याच तीन महिन्यांचे अडीच हजारांच्या वर जातील, वर जीएसटी. (एफडी पतसंस्थेत असेल तर एक गोष्ट या निमित्तानं कळू द्या: बँक ठेवींना जे 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. लेकीच्या फीचा पैसा पुढच्या वेळी बँकेत ठेवा.)

पीककर्जाला हात लावू नका. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं व्याज वेळेत फेड केली तरच सवलतीत येतं: केंद्राची 3 टक्के सूट, आणि त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. उधारी वेळेवर आली नाही आणि हप्ता चुकला, तर ही सवलत जाते. गाडीच्या कामासाठी तो धोका घेण्यात हशील नाही.

गाडीच्या विम्यातूनही हे पैसे येणार नाहीत, झीज त्यात बसत नाही. पण पत्रातली एक ओळ मला डिस्कपेक्षा जास्त महागाची वाटली: खताच्या आठ-दहा बॅगा. डीएपीची बॅग 50 किलोची. दहा टाकल्या की पाच क्विंटल, आणि हे वजन तुमचे ब्रेक खातं. तेही एकवेळ चालेल, पण खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा भाग असतो. नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक त्यात वगळलेली असते. बॅगा भरलेल्या असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला हेच कारण पुढे करू शकते. त्याच पॉलिसीत गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अटही असते, तेव्हा किमानच्या खाली गेलेली डिस्क ठाऊक असून चालवणं तिथेही अंगाशी येऊ शकतं. बॅगांसाठी मालवाहू रिक्षा सांगा. तिचं भाडं दुकानाच्या खर्चात दाखवता येतं आणि तुमच्या गाडीचं आयुष्य वाढतं.

विकण्याचं म्हणाल तर तो प्रश्न वेगळा आहे. आईच्या फेऱ्या चालू असेपर्यंत गाडी लागणार. आणि थरथरणारी गाडी चालवून बघणारा गिऱ्हाईक 25 हजारांपेक्षा जास्त भाव पाडेल. विकायची झाली तरी दुरुस्त करून विका.

पुढच्या वेळेसाठी: गाडी वर्षाला 15 हजार किलोमीटर चालते असं धरून किलोमीटरला दीड रुपया बाजूला काढा, वर्षाचे 22,500. टायर, ब्रेक, बॅटरी, सस्पेन्शन सगळं यातून. पगारदारांना मी दर महिन्याला टाका म्हणतो. तुमचा पैसा महिन्यानं येत नाही, हंगामानं येतो. सोयाबीन विकलं की अर्धे, कापूस आणि उधारी आली की अर्धे, अशी वेगळी एफडी करा. जुन्या, जड गाडीला एवढं लागतंच. पगारदाराला ते हप्त्याहप्त्यानं दिसतं, तुम्हाला एकदम 46 हजारांच्या रूपात दिसलं.

काम सांगताना बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, आणि नव्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली आहे का बघून घ्या. नसेल तर परत करा. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा, त्या अडकल्या की आतला पॅड आधी संपतो आणि डिस्क एका बाजूनं खाल्ली जाते. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरनं पुसलं पाहिजे. गाडी ताब्यात आल्यावर रिकाम्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबानं वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मधे गार व्हायला थोडं अंतर चालवा. पॅड-डिस्कची जोडी त्यानं नीट बसते. हे करायला आईला नागपूरला नेण्याचा दिवस निवडू नका.