अलर्ट पाठवणं सगळे शिकतात, आलेला अलर्ट वाचायला कोण शिकवतं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला कळला तो असा. नव्या जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणून गेलात, जीएमडीएसएस, म्हणजे संकटकाळची रेडिओ यंत्रणा, तुमच्याकडे आलं आणि कॅप्टननी बाकीच्या अधिकाऱ्यांचं आणि कॅडेट्सचं रेडिओ ट्रेनिंगही तुमच्याच गळ्यात घातलं. जुना लॉग उघडला तर दर महिन्याला 'ड्रिल घेतलं' एवढीच ओळ आणि खाली सही. जीओसी, म्हणजे ही यंत्रणा चालवायचं सर्टिफिकेट, सगळ्या अधिकाऱ्यांकडे आहे, पण सेटसमोर उभं केलं की हात थबकतात. मग सुरुवात कुठून करायची? शेवटी असंही विचारलंत की ज्याच्याकडे जीओसी नाही त्या कॅडेटला सेटला हात लावू द्यावा का.

माझं मत आधीच सांगतो. सुरुवात मेडे (तोंडी संकटहाक) पाठवण्यापासून करू नका, दुसऱ्याचा अलर्ट येतो तिथून करा. स्वतःच्या जहाजासाठी लाल बटण दाबायची वेळ बहुतेक अधिकाऱ्यांवर अख्ख्या नोकरीत येत नाही. दुसऱ्यांचे डीएससी अलर्ट, म्हणजे ते बटण दाबल्यावर सुटणारे डिजिटल संकटसंदेश, मात्र येतच राहतात. तरी कोर्समध्ये आणि ड्रिलमध्येही सगळा भर पाठवण्यावरच असतो.

टायटॅनिकचं उदाहरण घासून गुळगुळीत झालंय, पण इथे ते टाळता येत नाही. १९१२ च्या त्या रात्री कॅलिफोर्नियन हे जहाज बर्फामुळे जवळच थांबलेलं होतं. त्याच्यावर वायरलेस होता आणि ऑपरेटरही होता, पण एकच. टायटॅनिकचा पहिला संकटसंदेश सुटायच्या थोडंच आधी तो दिवसभराचं काम आटोपून झोपायला गेला. संदेश व्यवस्थित गेला होता, ऐकणारा जागेवर नव्हता. पुढे चोवीस तास रेडिओ पहाऱ्याचा आग्रह आला तो यातून. जीएमडीएसएस १ फेब्रुवारी १९९२ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊन १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण अमलात आलं, तेव्हा मोर्सवाला रेडिओ ऑफिसर जहाजावरून उतरला आणि ऐकण्याचं काम यंत्राकडे गेलं. डीएससी अलर्ट ऐकणारा चॅनल ७० चा रिसीव्हर डुलकी घेत नाही. पण त्याने जागं केलेला माणूस काय करतो?

पहाटे अलार्म किंचाळतो. वॉचवरचा अधिकारी सेटपाशी जातो, आवाज बंद करतो आणि स्क्रीन न वाचताच रडारकडे परततो. त्याला आळशी ठरवून काही हाती लागत नाही. त्याने आजवर पाहिलेले बरेचसे अलर्ट एकतर चुकून सुटलेले होते, नाहीतर एचएफवरून (लांब पल्ल्याच्या रेडिओवरून) पार दुसऱ्या समुद्रातून आलेले. आत्ताचाही तसाच असेल. पण ते वाचल्यावर ठरवायचं ना?

म्हणून पहिलं ड्रिल चिठ्ठीचं. एका कागदावर आलेला अलर्ट लिहा: एमएमएसआय (रेडिओ स्टेशनचा नऊ आकडी ओळख क्रमांक), संकटाचा प्रकार, पोझिशन, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आला. मोकळा समुद्र आणि शांत वॉच बघून, कॅप्टनना आधी सांगून ठेवून, 'ड्रिल, ड्रिल, ड्रिल' म्हणत ती वॉचवरच्या अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहा. मध्ये बोलू नका. त्याने पोझिशन चार्टवर टाकली का? आपल्यापासून अंतर आणि बेअरिंग काढलं का? वेळ लॉगमध्ये गेली का? संकटाच्या बोलण्यासाठी असलेल्या चॅनल १६ चा आवाज वाढवून कान दिला का? कॅप्टनना फोन कितव्या मिनिटाला गेला? पहिल्या खेपेला बहुतेक जण थेट मायक्रोफोन उचलतात आणि बोलायला लागल्यावर त्यांना कळतं की आपण अजून पोझिशनच पाहिलेली नाही.

दुसऱ्या खेपेला चिठ्ठी अवघड करा. प्रकाराच्या जागी 'अनडेझिग्नेटेड' (प्रकार न सांगितलेला) लिहा, पोझिशनच्या जागी नुसते नऊ आणि वेळेच्या जागी आठ. जीपीएस जोडलेला नसेल आणि कुणी हाताने पोझिशन भरलेली नसेल तर डीएससी संदेश असाच येतो, दहा नऊ आणि चार आठ. ज्याने हे कधी पाहिलेलं नाही त्याला सेट बिघडला असं वाटतं. खरं तर तिकडे कुणीतरी अडचणीत असू शकतं आणि कुठे ते कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एमएमएसआयचे सुरुवातीचे आकडेही ओळखायला लावा. दोन शून्यांनी सुरू झाला तर किनाऱ्यावरचं स्टेशन. एआयएसच्या (आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावर ९७० दिसलं तर एआयएस-सार्ट, म्हणजे राफ्टची जागा दाखवणारं उपकरण, ९७२ म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाचं उपकरण, ९७४ म्हणजे ईपर्ब, उपग्रहाला संकटाचा सिग्नल पाठवणारं बीकन.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा: पोच कशी द्यायची. नवा अधिकारी उत्साहाने सेटवर डीएससी ॲक्नॉलेजमेंट शोधायला लागतो. त्याला थांबवा, आणि 'नियम आहे' म्हणून नव्हे, कारण सांगून थांबवा. संकटातल्या जहाजाचा अलर्ट पोच मिळेपर्यंत साधारण दर साडेतीन ते साडेचार मिनिटांनी आपोआप पुन्हा सुटतो. डीएससीने पोच गेली की तो थांबतो. आपण घाईने ती दिली आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनने तो अलर्ट तोवर पकडलेलाच नसला, तर ज्यांच्याकडे हेलिकॉप्टर आणि बचाव नौका आहेत त्यांना काही कळायच्या आधीच हाक बंद पडते. म्हणून व्हीएचएफ (जवळच्या) आणि एमएफ (मध्यम पल्ल्याच्या) रेडिओवर आधी किनाऱ्याच्या स्टेशनला संधी द्यायची आणि चॅनल १६ किंवा २१८२ किलोहर्ट्झवर कान लावायचा. कुणीच उत्तर देत नाही, अलर्ट येतोच आहे आणि आपण मदत करण्याजोगे जवळ आहोत, तर तोंडी पोच द्यायची आणि मिळेल त्या मार्गाने बचाव समन्वय केंद्राला कळवायचं. डीएससीने पोच देणं अगदी शेवटी, त्या केंद्राशी किंवा किनाऱ्याच्या स्टेशनशी बोलून. आणि व्हीएचएफ किंवा एमएफवर आलेला डीएससी अलर्ट आपण डीएससीनेच रिले करणं, हे अजिबात नाही.

एचएफचं गणित वेगळं. तिथे जहाजाने डीएससी पोच द्यायचीच नाही. ज्या बँडवर अलर्ट आला त्याच बँडच्या बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवर जायचं (८४१४.५ वर आला तर ८२९१ किलोहर्ट्झ), पाच मिनिटं ऐकायचं, आणि किनाऱ्यावरून कुणी पोच दिली नाही तर किनाऱ्याच्या स्टेशनकडे रिले करून समन्वय केंद्राला सांगायचं. या जोड्या पाठ असण्यापेक्षा सेटशेजारी मोठ्या अक्षरात लावलेल्या असाव्यात. पहाटे तीनला कुणालाच काही आठवत नाही.

एवढं बसलं की मग पाठवण्याकडे वळा. इथे बटणापेक्षा जीभ जास्त अडते. मायक्रोफोन हुकवरच राहू द्या, हातात नुसता पेन द्या आणि मेडे बोलायला लावा: मेडे तीनदा, जहाजाचं नाव तीनदा, कॉल साइन, एमएमएसआय, मग पुन्हा मेडे, नाव, कॉल साइन, एमएमएसआय, पोझिशन, काय झालंय, कसली मदत हवी, माणसं किती, ओव्हर. कॅडेटला त्याच्याकडे पाठ करून कागद-पेन्सिल घेऊन बसवा. कॅडेटला पोझिशन पहिल्याच ऐकण्यात अचूक लिहिता आली नाही तर बोलणारा नापास, कॅडेट नव्हे. 'एटीन फिफ्टी टू' असं कुणी म्हटलं की तिथेच तोडा. वन, एट, डिग्रीज, फाइव्ह, टू, मिनिट्स, नॉर्थ, आकडा सुटा. पीटीटी (मायक्रोफोनवरचं बोलायचं बटण) दाबून क्षणभर थांबून मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो, आणि पहिला शब्द मेडे असतो. सराव झाला की लपवून ठेवलेल्या कागदावरून जहाजाचं नाव, पोझिशन आणि संकट ऐनवेळी बदला. घोकलेला मेडे तिथे लगेच उघडा पडतो.

बटण: झाकण उचलायचं, प्रकार निवडायला वेळ असेल तर निवडायचा, बटण दाबून धरायचं आणि सेटचा बीप-दिवा बदलेपर्यंत सोडायचं नाही. नुसतं टिचकीसारखं दाबून सोडलं तर काहीच जात नाही, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. ड्रिलमध्ये हे बंद झाकणावर बोट ठेवून तोंडाने करा. सिम्युलेटरवर ज्या कंपनीचा सेट होता तो तुमच्या जहाजावर असेलच असं नाही. फुरुनोवर शिकलेला माणूस सेलर ब्रँडच्या सेटच्या मेनूत हरवतो. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच वॉचच्या आधी आपल्या सेटचा मेनू स्वतः चाळायला हवा, हँडओव्हर नोट्स वाचून भागत नाही.

चुकून अलर्ट गेला तर काय, याचं ड्रिल मी जवळपास कुठेच होताना पाहिलं नाही, आणि हे वाईट आहे. घाबरून सेट बंद करून गप्प बसणं हा सगळ्यात घातक प्रतिसाद, कारण किनाऱ्यावर लोक शोधाला लागलेले असतात. व्हीएचएफवर गेला असेल तर प्रसारण थांबवायचं, चॅनल १६ वर 'ऑल स्टेशन्स' तीनदा, आपलं नाव, कॉल साइन, एमएमएसआय, पोझिशन, आणि 'कॅन्सल माय डिस्ट्रेस अलर्ट ऑफ' अमुक तारीख, अमुक वेळ यूटीसी. ईपर्ब चुकून सुरू झाला तर ताबडतोब किनाऱ्याचं स्टेशन किंवा समन्वय केंद्र गाठायचं. मुलांना हेही स्पष्ट सांगा की चुकीचा अलर्ट स्वतःहून कळवून रद्द करणाऱ्यावर सहसा कारवाई होत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शनातच तसं म्हटलंय. लपवालपवी होते ती बहुतेक या भीतीपोटीच.

ईपर्बपाशी सगळ्यांना एकदा प्रत्यक्ष न्या. त्याची दोरी हातात धरायला लावा आणि विचारा, ही कशाला बांधायची? बरेच जण रेलिंग म्हणतात. ती लाइफराफ्टला बांधायची असते. जहाजाला बांधलेला ईपर्ब जहाजाबरोबर खाली जातो, आणि मग ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल उपग्रहापर्यंत पोचायचा नाही. हायड्रोस्टॅटिक रिलीजवरची (जहाज बुडाल्यावर पाण्याच्या दाबाने ईपर्ब सोडवणाऱ्या कळीवरची) एक्स्पायरी तारीख तिथेच वाचायला लावा. जहाजाचा झेंडा बदललेला असेल तर ईपर्बमधला कोड आणि त्याची नोंदणी बदलली आहे का, हेही बघा. नाहीतर संकटात समन्वय केंद्र जुन्या मालकाला फोन लावत बसेल. रडार-सार्टचे रडारच्या पडद्यावर उमटणारे बारा ठिपके सगळ्यांना परीक्षेपुरते आठवतात. तो राफ्टमध्ये समुद्रपातळीपासून निदान मीटरभर उंच धरायचा असतो, हे मात्र आठवत नाही.

बॅटरीबद्दल एकच गोष्ट. रोजचा व्होल्टेज नोंदवताना चार्जर चालू असतो, त्या आकड्यावर विसंबू नका. चार्जर बंद करून, एमएफ/एचएफवर नियमात बसणारी टेस्ट चालू असताना मीटर कितीवर येतो ते कॅडेटला लिहायला लावा. खरी बॅटरी तिथे दिसते.

जुन्या नोट्स वापरणार असाल तर जपून. सोलासच्या (जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) चौथ्या प्रकरणातले सुधारित नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेत. ए३ या समुद्रक्षेत्राची व्याख्या आता एकट्या इनमारसॅट उपग्रह सेवेला बांधलेली नाही, मान्यता मिळालेली ज्या उपग्रह सेवेची यंत्रणा जहाजावर आहे तिच्या आवाक्यावर ते क्षेत्र ठरतं. इरिडियमची उपग्रह सेवा असलेल्या जहाजावर जुना तक्ता शिकवलात तर चुकीचं शिकवाल.

कॅडेटचं म्हणाल तर रोजचं काम, टेस्ट कॉल वगैरे जीओसी असलेल्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीच. पण संकटात, ब्रिजवर दुसरं कुणी उरलेलं नसताना, सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. तेव्हा अलर्ट ज्याला जमेल त्याने पाठवायचा. म्हणून झाकण आणि बटण कॅडेटलाच काय, स्टीअरिंगवरच्या एबीलाही (खलाशालाही) माहीत हवं. संकटातल्या जहाजासाठीचं जीएमडीएसएस मार्गदर्शक कार्ड ब्रिजवर लावलेलं असतं, ते एकदा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मस्टर लिस्टही (संकटात कुणी काय करायचं त्याची यादी) तपासा. संकटकाळी रेडिओची मुख्य जबाबदारी कुणाची हे नावानिशी ठरलेलं असायला हवं, आणि ते नाव गेल्या खेपेला उतरून गेलेल्या माणसाचं तर नाही ना, हे आजच बघून घ्या.