मुलगा पहिली मोटारसायकल घेतोय. दुचाकीचे अपघात नेमके कसे होतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा रोज २५ किलोमीटर हायवेने कॉलेजला जाणार आहे, आणि 'हळू चालव' याच्यापुढे त्याला काय सांगावं ते सुचत नाही. माझं गॅरेज सातारा जिल्ह्यात, हायवेला लागूनच आहे. बावीस वर्षं झाली. अपघाताची गाडी टेम्पोतून उतरवली की तिची मोडतोड बघून काय घडलं असेल ते बरंचसं कळतं, म्हणून लिहितोय.

लिव्हर, फुटरेस्ट, सायलेन्सर एकाच बाजूने घासलेले आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, सरळ, म्हणजे गाडी स्लिप झाली. वळणावरची खडी, खचलेली साइडपट्टी, गुळगुळीत झालेला टायर. पण सगळ्यात जास्त अशा गाड्या येतात त्या जूनच्या पहिल्या पावसात. रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ नुसती भिजते, वाहून जात नाही. दोनचार दणकून सरी पडेपर्यंत रस्ता साबणासारखा असतो.

फोर्क मागे वाकून चाक इंजिनला टेकलं असेल तर समोरून धडक. चौकात समोरची कार उजवीकडे वळते आणि चालक शपथेवर सांगतो, "मोटारसायकल दिसलीच नाही." तो खोटं बोलत नसतो. अरुंद गाडी खरंच नजरेतून सुटते. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो, तो याचसाठी. काही पोरं वेगळं बटण लावून तो बंद करून मागतात. मी लावून देत नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. गाडी आणणारा पहिलं वाक्य म्हणतो, "ब्रेकच लागला नाही हो." मी ब्रेक तपासतो, तो बहुतेक वेळा ठीक असतो. मागच्या टायरवर मात्र एकाच जागी घासून चट्टा पडलेला असतो. म्हणजे त्याने घाबरून पायाचा ब्रेक गच्च दाबला, मागचं चाक जाम झालं आणि गाडी फरफटत गेली. पुढच्या ब्रेकला हातच लावलेला नसतो, कारण लहानपणापासून आपल्याकडे सांगतात, पुढचा दाबलास तर उलटा पडशील. खरं तर ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचंच चाक करतं. मुलाला रिकाम्या मैदानावर न्या. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकदम, आणि पुढचा झटक्याने खेचायचा नाही, दाबत न्यायचा. वाळूवर किंवा वळलेल्या हँडलवर पुढच्याला जोर द्यायचा नाही. पन्नास वेळा करू द्या, हाताला सवय लागली पाहिजे.

दुसरं, ऊस. गळीत हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली उभी असते. रिफ्लेक्टर नाही, मागे दिवा नाही, चाकाला दगड लावलेला. माझा चुलतभाऊ अशाच ट्रॉलीवर आदळून गेला. ६० च्या वेगात सेकंदाला जवळजवळ १७ मीटर गाडी पुढे जाते. दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंत तेवढे मीटर गेले, मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीसपंचवीस. डिपरच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडात तेवढ्या अंतरावरची काळी ट्रॉली दिसतच नाही, आणि समोरून कुणी अप्पर, म्हणजे वरचा झोत मारत आला तर काहीच दिसत नाही. ४० ला हेच अंतर जवळपास निम्मं होतं. भावाचा वेग फार नव्हता, असं सगळे म्हणत होते. दिवसा तो फार नसताच. म्हणून अंधार पडला की तुमच्या मुलाने निघूच नये, उशीर झाला तर एसटीने यावं, गाडी कॉलेजात राहू द्या.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट आयएसआयचं घ्या आणि पट्टा आवळून लावायला शिकवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी उडतं. अशी उडालेली हेल्मेटं शाबूत परत आलेली मी पाहिली आहेत.

मागे आई किंवा बहीण बसणार असेल तर साडी गार्ड काढू देऊ नका. गाडी चांगली दिसत नाही म्हणून पोरं तो पहिल्याच दिवशी काढायला सांगतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली की माणूस मागच्या मागे ओढला जातो, त्याला वेग लागत नाही.

गाडी कोणती ठरवलीत? १२५ सीसीच्या वरची असेल तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, येतंच, कमीत कमी पुढच्या चाकाला. छोट्या गाडीत बहुधा सीबीएस, म्हणजे एकमेकांना जोडलेले ब्रेक असतात. त्यात पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक जाम व्हायचं ते होतंच. बजेटमध्ये बसत असेल तर एबीएसवाली घ्या, ॲक्सेसरीजचे पैसे त्यात घाला.