शनिवारची सही

प्रिय पोरी,

परवा तू बार्शीला घरी जायला हॉस्टेलचा नाइट-आउटचा फॉर्म पुढं केलास आणि मी मुकाट सही केली. सलग पाचवा शनिवार. डोळे सुजलेले होते तुझे, म्हणून गप्प बसले. चपला घालताना विचारलंस, “मावशी, हॉस्टेल सोडून तुझ्याकडेच राहू का?” तोंडावर उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय. नाही. आणि दिवाळीपर्यंत लोकल गार्डियन म्हणून माझी सहीही मिळणार नाही. रविवार हॉस्टेलवर काढ.

तुझ्याच वाट्याला काही वेगळं आलेलं नाही. तिघींची खोली, कुरकुरणारी कॉट, सकाळी उशीर झाला की गार पाणी, मेसची पातळ आमटी. एक रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवणार, दुसरी पाचचा अलार्म लावून स्वतः झोपून राहणार. पहिलं वर्ष असंच असतं. आठवडा लेक्चर, प्रॅक्टिकल आणि जर्नलमध्ये जातो. मुली एकमेकींना सापडतात त्या रविवारी. गच्चीवर कपडे वाळत घालताना, केसांना तेल लावताना, आणि रात्री मेस बंद असते तेव्हा पैसे गोळा करून काहीतरी रांधताना. नेमकी तीच रात्र तू बार्शीहून येणाऱ्या एसटीत काढतेस. सोमवारी त्या दोघी कालच्या कशावर तरी हसतात, तुला संदर्भ लागत नाही, आणि तू म्हणतेस मला एकटं पाडतात. अगं, तू तिथं असतेस कधी?

२०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. पण ते दर शनिवारी पळून जायला नाही.

मी पळाले होते. १९७९ साली, सव्वादोन महिन्यांत. आत्याचं घर जवळ होतं; गरम पोळी, स्वतंत्र गादी. पदवी मिळाली, नोकरीही लागली. पण माझ्या खोलीत उदगीरची एक मुलगी होती. मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसून पट्ट्या बदलत होती. ती वर्गात असताना मी ट्रंक उचलली आणि गेले. तिची दोन पत्रं आली. लाज वाटली म्हणून उत्तर दिलं नाही. आता पत्ताही नाही.

म्हणूनच माझ्या मुलाला सांगलीला ठेवलं तेव्हा दिवाळीपर्यंत घरी येऊ दिलं नाही. गणपतीलाही नाही. तो अजून ते काढतो. काढू दे. त्याच्या लग्नात हॉस्टेलची चौदा पोरं चार दिवस आधीपासून राबत होती, ती कुठून आली? मी बरोबरच होते. गणपतीला बोलवायला हवं होतं, एवढं मात्र खरं.

वसतिगृह म्हणजे नुसती झोपायची सोय नव्हे गं. तुझे आजोबा रयतच्या बोर्डिंगात वाढले, त्यांना विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांनी एकत्र रांधावं, एका पंगतीत जेवावं म्हणून. पोरांचं एकत्र राहणं हेच त्यांच्या लेखी शिक्षण होतं. १९२७ मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले. त्या पोरांना दर शनिवारी घर कुठून असणार? आणि तुला शेजारच्या कॉटवरच्या मुलीच्या गावाचं नाव अजून सांगता आलं नाही. मी विचारलं होतं, आठवतंय?

एक गोष्ट मात्र सोसायची नाही. कुणी धमकावलं, अंगाला हात लावला, रात्री उठवून काही करायला लावलं, तर त्याच क्षणी रेक्टरना सांग आणि मला फोन कर. आपल्या राज्यात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होते. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, पाठ कर. तसं झालं तर मी स्वतः रिक्षा घेऊन येईन. पण दिव्याची कटकट आणि पातळ आमटी म्हणजे रॅगिंग नव्हे. दिव्याचं तिला तोंडानं सांग. तेही रविवारी, सावकाश.

आईशी मी बोलले. ती रडली, पण कबूल झाली.

शनिवारी सकाळी गेटवर धपाटे आणि शेंगाची चटणी ठेवून जाईन. तिघींना पुरतील एवढे.

तुझी,
मावशी