पाहुणे आले की आमची छोटी हस्की लपून बसते

प्रश्न : आमच्याकडे सात महिन्यांची अलास्कन क्ली काई आहे, मिनिएचर साइझची. घरात आमच्याशी भरपूर मस्ती करते पण बाहेरचं कोणी आलं की थेट सोफ्यामागे. भीती जावी म्हणून उचलून पाहुण्यांच्या मांडीवर देतो तर थरथर कापते, आणि परवा तर गुरगुरली. हस्की तर सगळ्यांशी फ्रेंडली असतात ना? आमचं काही चुकतंय का? शिवाय केस एवढे गळतायत की उन्हाळ्याआधी पूर्ण काढून टाकावेत असं वाटतंय. पुढच्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन पण आहे.

उत्तर : आधी एक काम करा, तिला उचलून पाहुण्यांच्या हातात देणं आजच बंद करा. बाकी सगळं नंतर.

ती दिसते हस्कीसारखी, पण ती लहान राहिलेली हस्की नाहीये, ही वेगळीच ब्रीड आहे. अलास्कातल्या वासिला इथे लिंडा स्परलिन यांनी 1970 च्या दशकात ती तयार करायला सुरुवात केली. अलास्कन आणि सायबेरियन हस्की घेतले, आणि आकार कमी करायला स्किपर्की आणि अमेरिकन एस्किमो डॉग. सायबेरियन हस्की अनोळखी माणसालाही शेपूट हलवत भेटतो, क्ली काई तशी नसते. ती परक्यांपासून जरा लांबच राहते, कोण आलं कोण गेलं यावर सतत लक्ष असतं, आणि घरच्या माणसांना मात्र सोडत नाही. म्हणजे तुमची मुलगी बिघडलेली नाहीये, तिच्या जातीसारखीच वागतेय.

पण लाजाळू असणं वेगळं आणि घाबरून जगणं वेगळं. पिल्लाचा नव्या गोष्टी सहज स्वीकारायचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, तो आता गेला, म्हणून काही होणार नाही असं नाही, फक्त वेळ जास्त लागेल. पाहुण्यांना सांगा की तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, आपलं बोलत बसा. अधूनमधून एखादी ट्रीट तिच्या बाजूला टाका, पण तिला जवळ बोलवण्यासाठी नाही, नुसती टाका आणि विसरून जा. ती स्वतःहून दोन पावलं पुढे आली तर तेवढंच त्या दिवसाचं काम. परत मागे गेली तर जाऊ द्या. आणि गुरगुरली म्हणून ओरडू नका प्लीज, गुरगुरणं म्हणजे ती सांगतेय की मला नकोय, ते सांगणं तुम्ही बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता थेट चावेल.

केस अजिबात भादरू नका. हिला दोन थर असतात, आतला मऊ लोकरीसारखा आणि वरचा राठ, वरचा थर उन्हापासूनही वाचवतो आणि एकदा काढला की पुन्हा नीट येईलच असं नाही. वर्षातून साधारण दोनदा आतला थर गुच्छेच्या गुच्छे निघतो, तेव्हा अंडरकोट रेकने (आतल्या थरातले सुटे केस काढणारा लांब दातांचा ब्रश) रोज दहा मिनिटं, एरवी आठवड्यातून एक-दोनदा. अंघोळ फारशी लागत नाही, या मांजरीसारख्या स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतात.

ऑपरेशनचं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय पण मला तेच महत्त्वाचं वाटतं. या ब्रीडमध्ये फॅक्टर सेव्हनची कमतरता आढळते, म्हणजे रक्त गोठायला लागणारं एक प्रोटीन कमी असतं. रोजच्या जगण्यात बहुतेक वेळा काही कळतच नाही, पण ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव जास्त होऊ शकतो. यासाठी डीएनए टेस्ट आहे. आईवडिलांचे रिपोर्ट ब्रीडरकडे असतील तर मागा, नसतील तर तारीख पक्की करण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि टेस्ट करून घ्या, उशीर झाला तरी चालेल. त्याच भेटीत गुडघ्याची वाटी सरकत नाही ना तेही बघून घ्या, लहान कुत्र्यांमध्ये हे बरंच होतं.

प्रश्न : आमचा क्ली काई घरात एकदम शहाणा आहे, हाक मारली की लगेच येतो. मग मोकळ्या मैदानात लीश सोडली तर चालेल का?

उत्तर : कुंपण असेल तरच. घरात येतो कारण तिथे मागे पळायला खार नाहीये! याच्यात शिकारीची ओढ जबरदस्त असते, काहीतरी हललं की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि उंची 15 इंच असली तरी स्पीड तुमच्यापेक्षा बराच जास्त. त्याला मोकळं पळू द्यायचं असेल तर लांब दोरी लावा, म्हणजे त्यालाही मजा आणि तुमच्या हातात दुसरं टोक. कॉलरऐवजी नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. घाबरला की तो पुढे ओढत नाही, मागे सरकतो, आणि मानेवरच्या दाट केसांमुळे सैल कॉलर डोक्यावरून कधी निघाली कळतही नाही. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) केली नसेल तर या आठवड्यात करून टाका.